तान्ह्या पोळ्याला बंद पडलेला कॅमेरा

पिकअपला ट्रॉली जोडली की आरशात ट्रॉलीच्या दोन कडा तेवढ्या दिसतात. तिच्या पाठीमागे मूल आहे, म्हातारी आहे की आपलाच नवरा आहे, ते आरसा सांगत नाही. म्हणून आमच्या जनरेटरच्या ट्रॉलीला मी कॅमेरा बसवून घेतला होता. कॅमेरा ट्रॉलीच्या मागच्या पट्टीवर आणि त्याचा छोटा पडदा माझ्यासमोर, स्टिअरिंगच्या बाजूला. रिव्हर्स गिअर टाकला की पडद्यावर मागचं सगळं यायचं. तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, पोरांनी भरलेल्या एका गल्लीच्या तोंडाशी मी गिअर टाकला आणि पडदा नुसता निळा झाला. मधोमध इंग्रजी अक्षरं, 'नो सिग्नल'.

आमचं बोरी अरबला बिछायत केंद्र आहे. खुर्च्या, गाद्या, मंडप, भोंगे, जनरेटर. पिकअप मी चालवते. माझा भाऊ राजूरला कोळशाचा ट्रक चालवायचा, त्यानं मला लग्नाआधीच गाडी शिकवली होती. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला (नाव न घेण्याची सवय लिहितानाही सुटत नाही), गाडी येते, पण ट्रॉली मागे घेणं जमत नाही. ट्रॉलीचं तंत्र उलटं असतं. तिला डावीकडे न्यायचं तर चाक उजवीकडे फिरवावं लागतं. ह्यांचा हात आयुष्यभर बैलांच्या कासऱ्यावर होता, आणि बैल जिकडे कासरा ओढला तिकडेच वळतो. म्हणून वाटणी ठरलेली होती. मी आत बसायचं आणि ह्यांनी मागे उभं राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणायचं.

त्या पोळ्याच्या आदल्या वर्षी लग्नसराईत ती वाटणी मोडली. एका अंगणात ट्रॉली मागे घेताना तिचं चाक ह्यांच्या डाव्या पायावरून गेलं. यवतमाळच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. महिन्याभरानं हे काठी टेकत चालू लागले आणि भेटायला येणाऱ्यांना स्वतःच हसून सांगू लागले, "दहाच्या जागी आठ राह्यले. नखं कापाचा तरास कमी झाला." लोक हसायचे. मी चहाच्या निमित्तानं आत जायची.

लोकांना मी सांगितलं होतं की जनरेटर सुरू होता, भोंगा लागला होता, मला काही ऐकू आलं नाही. ते खोटं होतं. त्या दिवशी सकाळपासून आमचं वाजलं होतं. ह्यांनी एकाच तारखेच्या त्याच खुर्च्या दोन लग्नांना कबूल केल्या होत्या आणि शिव्या मी खाल्ल्या होत्या. त्यात मागून ह्यांचं चालू होतं, डावा घे, एवढा नको, आता उजवा. मग हे म्हणाले, "थांब." ते मला स्पष्ट ऐकू आलं. मी मनात म्हटलं, थांबते न, सारं तुमच्याच म्हणण्यानं चालते का. एवढं म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उशीर झाला. ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, भावाला सांगितली नाही आणि ह्यांना तर नाहीच. दिवाळीत कॅमेरा घेतला आणि ह्यांना सांगून टाकलं की आता मागे उभं राहायचं काम नाही, बसा माझ्या बाजूला.

तर त्या दुपारी आम्ही दारव्हा रोडच्या एका गावात होतो. मारुतीच्या देवळापुढे तान्हा पोळा भरणार होता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून आणतात, दोरीनं ओढत, आणि ज्याचा बैल चांगला सजला त्याला बक्षीस. माईक आणि भोंग्यासाठी जनरेटर देवळाच्या मागे लावायचा होता. गल्ली अरुंद, चढाची, दोन्ही बाजूंनी ओटे. आत गेल्यावर वळायला जागा नाही, त्यामुळे ट्रॉली मागे घेतच न्यावी लागणार. आणि गल्ली लेकरांनी भरलेली. लाकडी बैलांची चाकं चिखलात रुतत होती, ती सोडवायला पोरं वाकत होती, आणि वाकलेलं पोर तर ट्रॉलीच्या पाठीमागे अजिबातच दिसत नाही.

पोळा भरवणारे मास्तर धोतर सावरत आले. "चार वाजता पाहुणे येऊन राह्यले. लावा ना लवकर."

"कॅमेरा बंद पडला, मास्तर."

"मंग? कॅमेऱ्याविना गाडी मांगं जात नाही का?"

"मी उभा राह्यतो न मांगं," हे म्हणाले आणि दार उघडायला लागले.

मी ह्यांच्या सदऱ्याची बाही पकडली. "तुम्ही खाली उतरून समोर उभे राहा. मले दिसतान असे. मांगं जायचं नाही."

माझा आवाज चढला असावा, कारण मास्तर दोन पावलं मागे सरले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हे उतरून काचेसमोर जाऊन उभे राहिले, शाळेत उभं केल्यासारखे.

मास्तरांनी सुचवलं की ट्रॉली सोडा आणि माणसं लावून ढकलू. मी नको म्हटलं. चिखल आणि चढ, त्यात जनरेटरचं वजन. निसटली तर खाली सगळी लेकरं. त्यांनी दुसरा ड्रायव्हर बोलावू का विचारलं. त्यालाही मी नको म्हटलं. खरं तर त्याला हरकत काय होती? पण माझ्या ट्रॉलीनं कोणाला काही होणार असेल तर निदान ते माझ्या हातून व्हावं, असलं काहीतरी वेडं माझ्या डोक्यात घोळत होतं. भीतीला काही तर्क नसतो. मी म्हटलं, "अर्धा तास द्या. सुधारते."

सुधारण्यातलं मला येतं ते एवढंच. आधी फ्यूज बघितला, तो ठीक. तरी बदलून पाहिला. पडद्याच्या मागची पिन काढून पुन्हा बसवली. पडदा लागत होता, म्हणजे दोष इकडे नव्हता, तिकडे होता. कॅमेरा बिनतारी. चित्र हवेतून येतं, पण कॅमेऱ्याला करंट लागतो, आणि तो पिकअपच्या रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीतून, गाडी आणि ट्रॉलीच्या मधल्या प्लगमधून जातो. म्हणजे प्लग बघायला हवा. म्हणजे कोणीतरी गाडी आणि ट्रॉलीच्या मधे जाऊन बसायला हवं, आणि त्याच वेळी कोणीतरी आत बसून रिव्हर्स गिअर टाकायला हवा.

त्या कामातली मेख हीच होती. कॅमेरा चालतो का ते बघायला गिअर रिव्हर्समध्येच टाकावा लागतो. मी ज्याला सव्वा वर्ष घाबरत होते तेच पुन्हा पुन्हा करून बघायचं, आणि मधे बसणार हेच. दुसऱ्या कोणाला प्लग कुठला नि वायर कुठली ते ठाऊक नव्हतं.

मी आधी ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना दगड लावले. मग पिकअपच्या चारही चाकांना. मास्तर म्हणाले, "इंजिन तर बंद हाय बाई." इंजिन बंदच होतं. दिवा लागायला किल्ली अर्धी फिरवली तरी पुरतं, गाडी जागची हलत नाही. ते मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी मी हँडब्रेक ओढला, आणि वर दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसले. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसलं.

"टाक गिअर," मागून ह्यांचा आवाज आला.

"हात बाहेर हाय का तुमचा?"

"हाय."

"पाय?"

"पाय बी बाहेर हाय. जेवढा उरला तेवढा."

एरवी मी हसले असते. गिअर टाकला. निळा पडदा. गिअर काढला, किल्ली काढली, मुठीत घट्ट धरली आणि मगच म्हटलं, "पाहा आता." ह्यांनी प्लगच्या पिना काडेपेटीच्या खरबरीत बाजूनं घासल्या. पुन्हा तेच. हात बाहेर हाय का, पाय बाहेर हाय का. निळा. पुन्हा काढला, फुंकर मारली, बसवला. निळा. असं सहा-सात वेळा झालं असेल. प्रत्येक वेळी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला की मला त्या अंगणातला तो मऊ धक्का आठवायचा. चाकाखाली दगड आला तर कडक धक्का बसतो. तो तसा नव्हता.

शेवटी कॅमेरा बसवून देणाऱ्या दारव्ह्याच्या वायरमनला फोन लावला. तो सासरी गेलेला, पोळ्याच्या करीचा दिवस, जेवून आडवा झाला असणार. आवाज तसाच होता.

"वहिनी, गाडीचा रिव्हर्सचा दिवा लागते काय?"

"लागते."

"टेस्टचा दिवा असन न जवळ. एक वायर प्लगच्या पिनेले लावा, दुसरी पिकअपच्या लोखंडाले."

माझ्याजवळ दोन वायरींचा एक बारका दिवा असतो. मी गिअर टाकून बसले, ह्यांनी वायरी लावल्या. "लागला," हे म्हणाले.

"लागला म्हणतेत."

"आता पहिली तिथंच राहू द्या, दुसरी ट्रॉलीच्या लोखंडाले लावा."

मागे वायर लोखंडावर दोन-तीनदा घासल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "नाही लागत."

वायरमन फोनवर हसला. "मंग झालं. कॅमेऱ्याले काही झालं नाही. मी ट्रॉलीले जायाची एकच वायर देल्ली होती. परतीचा करंट लोखंडातून येते, हुकातून गाडीच्या अंगात. वापस याचा रस्ता कोठंतरी अडला. हुक पाहा. गंज लागला असन, नाहीतर कोणी पेंटबिंट मारला असन."

फोन ठेवून मी उतरले आणि मागे गेले. अर्ध्या तासात पहिल्यांदाच ह्यांची बडबड थांबली होती. हे हुकाजवळ उकिडवे बसून दुसरीकडे बघत होते. हुकावर झेंडूची माळ होती आणि रंगीत कापडाची एक छोटी झूल टाकलेली होती. सकाळी ट्रॉली ह्यांनीच जोडली होती. मला वाटलं होतं पोळ्याची पूजा केली असेल, आणि मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी झूल उचलली.

हुक पिवळाधमक होता. हळद आणि तूप, हाताच्या पाचही बोटांनी चोपडलेलं. ज्या खिळीत ट्रॉलीची कडी अडकते तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, वर सुतळी बांधलेली, आणि त्या ट्यूबवरही तूप. लोखंडाला लोखंड कुठे लागतच नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. जिथे वर्षभर जू बसतं तिथे हळद आणि तूप लावायचं, पळसाच्या पानानं चोळायचं, आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. ज्याचा खांदा सोलला असेल त्याच्या जुवाला चिंधी गुंडाळतात. आमची जोडी विकून पाच वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी हे अंगणात ट्रॉलीपाशी बराच वेळ बसले होते. मी स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली होती.

माझं डोकं फिरलं. "लोखंडाले खांदा असते काय? पोरं हायेत इतके मांगं. एखादं पोरगं चाकाखाली आलं असतं तं?"

"कडी लय खडखड करे," हे म्हणाले. "घासून घासून अर्धी झाली. म्हणून ट्यूब बांधली."

"अन तूप?"

ह्यांनी सुतळीची गाठ सोडायला सुरुवात केली. "वर्षभर आपलं ओझं वाह्यलं तिनं. पावसात उभी राह्यते, चिखलात राह्यते. आपण कधी तिले काही म्हणतो का? खांद शेकतो म्हणजे काय, माफीच मांगतो न आपण. चुकलं माकलं असन तं. मले वाटलं, बैल नाही, हे तं हाय."

मी ट्यूबची पट्टी ह्यांच्या हातून घेतली आणि डिझेलची चिंधी घेऊन खिळी पुसू लागले. पुसता पुसता मला माझीच लाज वाटायला लागली. ज्या ट्रॉलीच्या चाकानं ह्यांची बोटं गेली, तिची ह्यांनी माफी मागितली होती. माझ्याकडून ह्यांना सव्वा वर्षात काय मिळालं? कॅमेरा मिळाला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मला दिसत नव्हतं म्हणून तो अपघात झाला नव्हता. मला ऐकू आलं होतं आणि मी रागात होते म्हणून झाला होता. त्याला कुठल्या कॅमेऱ्याचा काय उपयोग?

हे पुन्हा काचेसमोर जाऊन उभे राहिले, न सांगता. मी दगड काढले, आत बसले, किल्ली फिरवली, गिअर टाकला. पडदा लागला. चिखल दिसला, एक लाल झूल घातलेला लाकडी बैल दिसला, पोरांचे पाय दिसले, मोजता येतील इतके स्वच्छ. मास्तर त्यांना बाजूला करत होते. दोन मिनिटांत गल्ली मोकळी झाली.

आणि माझा पाय क्लचवरून उचलेना. सगळं दिसत होतं, तरी उचलेना.

मी हात हलवून ह्यांना आत बोलावलं. हे वळसा घालून आले, बाजूच्या सीटवर बसले. हाताला अजून तुपाचा वास येत होता.

"काय झालं वं? लागला न कॅमेरा?"

मी समोर बघूनच बोलले. ह्यांच्याकडे बघून मला ते बोलता आलं नसतं. "त्या दिवशी तुम्ही थांब म्हटलं, ते मले ऐकू आलतं. भोंगा-बिंगा काही नोयता. मले ऐकू आलतं, अन मी थांबली नाही. राग आलता मले तुमचा." पुढचं मला वाटलं तसं आलं नाही. "माफ करा मले."

बाहेर मास्तर घड्याळ दाखवत होते.

"मले मालूम हाय," हे म्हणाले.

मी वळून बघितलं.

"दवाखान्यात तू दिसन त्याले सांगत होती, मले ऐकू नाही आलं, मले ऐकू नाही आलं. डॉक्टरले सांगितलं, चहावाल्याले बी सांगितलं. तुले कोणी इचारलंच नोयतं."

"मंग बोलले काहून नाही तुम्ही?"

"मी काय बोलू? ते तुह्यं होतं सांगाचं." ह्यांनी तूप लागलेला हात गुडघ्यावर पुसला. "राग तं मले बी आलता. मयना-दोन मयने होता. मंग गेला. पण तू काही मले मांगं उभं राहू देयेना. पाय गेला त्याचं एवढं नाही वाटलं. पण घरात आपलं काहीच काम नाही राह्यलं, असं वाटे."

मला रडू आलं आणि मी ते पदरानं पुसलं. एवढ्या लोकांसमोर, भर गल्लीत. मग मी पडद्याचं बटण दाबून तो बंद केला. दोन्हीकडच्या काचा पूर्ण खाली केल्या. "जा," मी म्हटलं. "माह्या बाजूनं उभे राहा. ओट्यावर. खाली नाही."

हे उतरले, त्या तिरप्या चालीनं मागे गेले आणि ओट्यावर चढले. आरशात ह्यांचा अर्धा चेहरा दिसत होता.

"येऊ दे," आवाज आला.

मी क्लच सोडला. ट्रॉली चिखलातून हळूहळू मागे सरकली. डावा घे, एवढा नको, आता उजवा. तेच सगळं, तसंच न थांबणारं. देवळाचा कोपरा अजून दहा-बारा हात लांब असेल.

"थांब."

मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी डोकं बाहेर काढून मागे बघितलं. मागे काहीच नव्हतं. पोर नाही, दगड नाही, नुसती मोकळी गल्ली, आणि ओट्यावर हे कमरेवर हात ठेवून उभे.

"काय झालं?"

"काही नाही. अजून याचं हाय. पाहून राह्यलो होतो, थांबते का."

मला असा राग आला. चार वाजायला आले होते, मास्तर खोळंबले होते, चढावर गाडी धरून ठेवताना पायाला कळ लागत होती, आणि ह्यांना चेष्टा सुचत होती. मी तोंडाला आलं ते बोलून घेतलं. बोलत असताना माझा पाय ब्रेकवरच होता.